आण्णांचे पाच इंच

आमच्या कॉलनीतले पट्टी आण्णा कुठेही गेले तरी आधी माप घेत आणि मग बसत. लग्नाच्या हॉलमधली खुर्ची असो की दवाखान्यातलं बाकडं, खिशातली लाकडी घडीची पट्टी उलगडून जमिनीपासून बैठकीपर्यंतची उंची पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लोक हसत. मीही हसायचो, आता त्याची लाज वाटते.

त्यांची सगळी नोकरी फाउंड्रीत लाकडी पॅटर्न करण्यात गेली. साच्यासाठी लागणारा तो लाकडाचा नमुना ते मूळ वस्तूपेक्षा किंचित मोठा करत. "ओतलेलं बीडाचं लोखंड निवलं की आकसतंय, सर," ते मला सांगत. "माणूस बी आकसतंय. बाक करायचा तर म्हाताऱ्याचं माप धराय पायजे. पोरगं काय, कुठं बी बसतंय की."

कॉलनीच्या टीचभर बागेत, करंजाच्या सावलीत, सिमेंटचा एक जुना बाक होता. पाठीला टेका, हाताला आधार, उंची सोळा इंच. आण्णांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या काकींचे, गुडघे पार गेले होते. रोज संध्याकाळी आण्णांचा हात धरून काकी त्या बाकापर्यंत येत. घराबाहेरचं त्यांचं जग तेवढंच. तिथे भाजी निवडून होई, सुनांची उणीदुणी निघत आणि काकी हसत परत जात.

पुढे झोपाळ्याच्या साखळ्या तुटल्या, गवत कमरेएवढं वाढलं. तेव्हा आण्णांनीच घरोघरी फिरून अर्जावर सह्या घेतल्या. पहिली सही माझी. अर्जात एकच मागणी होती: बाग सुधारून मिळावी.

बाग सुधारली. करंज गेला, जमीनभर पेव्हर ब्लॉक आले, मधोमध हृदयाच्या आकाराचा सेल्फी पॉइंट उभा राहिला. बाक गुळगुळीत ग्रॅनाइटचे, ना पाठ ना हात. काकी पहिल्याच दिवशी बसायला गेल्या आणि घसरल्या. आम्ही दोघांनी धरलं म्हणून पडल्या नाहीत. "मला घरला न्या," एवढंच म्हणाल्या.

त्यांना घरी पोचवून आण्णा परत आले आणि त्यांनी बाकाला पट्टी लावली. एकवीस.

"पाच इंच, सर," ते म्हणाले. "मापाबिगर कदी लाकडाला करवत लावली न्हाय मी. आन् अर्जात एक माप लिवलं न्हाय. माझ्याच हातानं घालवला की तिचा बाक."

मग नगरपालिकेत हेलपाटे सुरू झाले. मी बरोबर असायचो. ऑफिसातले साहेब शांतपणे सांगत, "प्लॅन मंजूर होता, आजोबा. काम पूर्ण झालंय." आण्णा टेबलावर पट्टी ठेवत. "साहेब, तुमच्या आईला आणा. बसवून दावा." एकदा त्यांनी हात जोडले. असे हात जोडलेले मी त्यांना देवळातही पाहिले नव्हते. मला तिथे उभं राहवेना.

शेवटी त्यांनी घरीच एक बुटका लाकडी बाक केला. आम्ही दोघांनी तो उचलून नेला, तर नव्या राखणदाराने फाटकातच अडवलं. "भायेरचं सामान आत चालत न्हाय, पावणं." ज्या बागेसाठी दारोदार फिरले, तिच्या फाटकात आण्णा पावणं ठरले. बाक घेऊन आम्ही परत आलो.

काकी आधी खिडकीत बसू लागल्या, मग खाटेवर. "बदलला का वो बाक?" त्या रोज विचारत. "माप घिऊन गेल्यात," आण्णा रोज सांगत. सूतभरही चुकीचं माप न सांगणारा माणूस रोज खोटं बोलत होता. काकी गेल्या त्या दिवशी सकाळीही त्यांनी हेच सांगितलं होतं.

नंतर मुलगा त्यांना वारणानगरला घेऊन गेला. निघताना त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. "तुमचं पाय टेकत्यात तवर अर्ज करा, सर. माप लिवून."

मी दर महिन्याला अर्ज करतो. उत्तर येत नाही. अर्ज देऊन आलो की त्या ग्रॅनाइटवर जाऊन बसतो आणि खाली पायांकडे बघतो. यंदा टाचा टेकत नाहीत, फक्त चवडे.