आळीने भरलेले मांडव

भुईगावहून मी निघालो त्या सकाळी आईने ट्रंकेत सुकेळ्यांचा पुडा कोंबला आणि अंगणात जमलेल्या आळीला सांगून टाकलं, "माझा पोर अंदमानला हवेचं काम करायला चाललाय. आता पावसाचं आपल्याला आधी कळेल." सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मद्रासहून बोट धरायची होती, आणि हवामान खात्यात लागल्याचा मला तोराही बराच होता. मी नुसता हसलो.

पोर्ट ब्लेअरला माझं काम बॅरोमीटर वाचायचं. बेटावर हवेचा दाब मोठा शिस्तीचा. सकाळी चढतो, दुपारी उतरतो, रात्री पुन्हा चढतो. उतरला आणि चढेचना, की समजावं, समुद्रात कुठेतरी वादळ शिजतंय. मग वायरलेसवर निरोप जायचा आणि बोटी बंदरातच थांबायच्या. सुट्टीत घरी मी हे रंगवून सांगायचो. हे त्या बेटापुरतं, असंही सांगायचो, पण ते ऐकतो कोण!

एका नोव्हेंबरात मी घरी होतो. राजेळी केळी पिकली होती. सोलून बांबूच्या मांडवावर उन्हात नीट वाळली की त्यांची सुकेळी होतात. मध्येच भिजली की सगळा माल आंबतो. आभाळात जरा मळभ होतं, म्हणून शेजारचे इनासकाका मांडव भरू का, असं विचारायला आले.

"काका, यंत्राशिवाय मला तुमच्याइतकंच कळतं," मी म्हणालो.

चुलीपाशी बसलेली आई आतून ओरडली, "त्याला सगळं कळते! सरकारी काम हाय, म्हणून सांगत नाय. पाऊस येणार असता तर आईला थांबवलं नसतं काय?"

आणि माझं काही न ऐकता तिने आमचा मांडव आधी भरला. तिचं बघून आळीने भरले.

केळी अर्धी वाळली असतील, भर दुपारी पाऊस कोसळला. आई ताडपत्री घेऊन धावली, तीही इनासकाकांच्या मांडवाकडे. कोणाचंच काही वाचलं नाही. मला कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उलट इनासकाकाच आईची समजूत घालायला आले, "पाऊस काय सांगून येते, बाय? पोराला काय बोलू नको." धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. आई मान खाली घालून बसली होती, आणि तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे कोणी विचारलं, पोर काय करतो, तर ती एवढंच म्हणायची, "सरकारी नोकरी हाय."

मी बेटावरच संसार थाटला. मुलं हिंदीत भांडतात. बाजारात मासेवाला "मौसमवाले साहब" म्हणून हाक मारतो, तेव्हा मी अजून ओशाळतो. माझ्यासारखे जे लांब गेले, त्यांना हे कळेल. गावी गेलो की ओट्यावर मंडळी आभाळाकडे बघत बोलत असतात. मी बाहेर आलो की गप्प होतात, आणि कोणीतरी घाईने मुलांच्या शाळेची चौकशी करतं.

घर म्हणजे काय, तर जिथे माझी लाज सगळी आळी राखते. म्हणूनच तिथे मला फार दिवस राहवत नाही.