बावीस की तीनशे पंधरा

शिकारीवर बंदी यायच्या आधीची गोष्ट. माकुणसारला आमची भातशेती आणि थोडी केळीची वाडी. रानडुकरांसाठी बाबांच्या नावावर बाराबोरची बंदूक होती. पण बाबांना हौस होती सांबराची. मनोरच्या पलीकडे डोंगरात त्यांचे एक स्नेही राहत. वर्षातून एकदा रीतसर परवानगी काढून आम्ही तिकडे जायचो. सांबर दिसायचंही, पण दरीच्या पलीकडल्या उतारावर. बाराबोरचे छर्रे तिथवर काय पोचणार! म्हणून रायफल घ्यायचं ठरलं, आणि ती कुठल्या बोरची यावरून घरात ठिणगी पडली.

डहाणूकडचा एक वाडीवाला आपली विलायती रायफल विकत होता. बावीस बोरची, पण साधी नव्हे, हायपॉवर. वर दुर्बीण. हातात घेतली तर काठीसारखी हलकी. माझा थोरला भाऊ, दादा, तिच्यावर लट्टू झाला.

"गोळी अशी सूं जाते, बाबा. तीनशे वारांवर पण खाली पडत नाय. आणि खांद्याला धक्का म्हणून नाय."

मी म्हटलं, "गोळी जाते, पण पोचल्यावर करते काय? करंगळीच्या नखाएवढी ती. सांबर म्हणजे भेकर नव्हे, घोड्याएवढा जीव. दरीत वारा असतो, तो हलकी गोळी ढकलतो. आपण तीनशे पंधरा बोरची घेऊ. जड हाय, धक्का देते, पण तिची गोळी हाड फोडून आत जाते. आणि लांबून मारायचंच कशाला? दरी उतरून जवळ जाऊ."

बाबा जेवत होते. ताटावरून मान न उचलता म्हणाले, "थोरला बोलतो तेच होणार. तुला कोणी इचारलं?"

मी विशीतला होतो.

बावीस आली. त्याच थंडीत आम्ही गेलो. सकाळचं ऊन पलीकडच्या उतारावर पडलं आणि एक मोठा नर कारवीतून बाहेर आला. बाबांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला. मी एवढंच म्हणालो, "दादा, वारा हाय. थांब जरा." त्यानं मारली.

सांबर मागच्या पायांवर बसलं. मग उठलं आणि झाडीत शिरलं.

दरी ओलांडून आम्ही त्या जागी पोचलो. रक्त थोडंच होतं, आणि त्यात चावलेल्या पाल्याचा हिरवा चोथा. बाबांच्या स्नेह्यांनी ते बोटावर घेऊन पाहिलं आणि तोंड फिरवलं. गोळी पोटात बसली होती. संध्याकाळपर्यंत माग काढला, दुसऱ्या दिवशीही काढला. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली. खाली ओढ्याशी पडलं होतं. डोळे कावळ्यांनी नेले होते. पायांजवळची माती खुरांनी खोल उकरलेली होती. म्हणजे तिथं पडूनही ते बराच वेळ जिवंत होतं.

दादा नाकाला रुमाल लावून लांब उभा राहिला. बाबा मला म्हणाले, "शिंगं काड." मी करवत चालवत होतो तेव्हा ते डोक्याशी उभे होते. "निघाल्यापासून तुजं तोंड वाजत होतं. त्याचा हात हलला तो तुज्यापायी."

मांस कुणी खाल्लं नाही. शिंगं मात्र घासूनपुसून ओटीवर लागली. आल्यागेल्याला बाबा सांगू लागले, "माज्या थोरल्यानं मारलं. तीनशे वारांवरून. जागीच पडलं." पुढच्या वर्षी चारशे वार झाले. मी समोर असलो तरी सांगत. माझ्याकडे बघतसुद्धा नसत.

मी बोईसरच्या एका कारखान्यात लागलो आणि तिकडंच खोली केली. सणावारी घरी जायचो. बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा बाबांच्या मानासाठी कार्यक्रम गावच्या घरी ठेवला. पोरगी पोह्यांच्या बश्या घेऊन उभी, आणि बाबा शिंगांकडे हात करून पाचशे वारांची गोष्ट सांगतायत. मुलाच्या वडिलांनी कौतुकानं मला विचारलं, "तुम्ही होतात का तेव्हा?"

माझ्याआधी बाबाच बोलले, "होता ना. सामान उचलायला."

पाहुणे हसले. मीही हसलो. पोरगी हसली नाही.

बाबा गेल्यावर तेराव्याच्या जेवणाला माणसं जमली होती. दादानं तीच गोष्ट काढली, बाबांच्याच आवाजात, हात तसाच उचलून. पंगत उठल्यावर मी त्याला मागच्या दारी गाठलं.

"दादा, आता तरी पुरे कर. पोटात लागली होती ती गोळी. तडफडून मेलं ते, तिसऱ्या दिवशी सापडलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही, चिडलाही नाही. मला वाटलं, आता कबूल करेल.

"काय बोलतोस रे?" तो म्हणाला. "जागीच पडलं की. मी दुर्बिणीतून बघितलं ना."

तो खोटं बोलत असता तर मी भांडलो असतो. त्याचा चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. तो खरंच तसं आठवत होता. बाबांचे ते स्नेही कधीच वारले होते, विचारणार कुणाला?

"असेल," मी म्हटलं, आणि चपला घालून सफाळे स्टेशनच्या रस्त्याला लागलो.