तात्याबांचा लोकरी कळप

वरकुट्याच्या तात्याबांच्या वडलांनी मेंढरं विकून ऊस लावला, तेव्हा तात्याबा चड्डी सावरत फिरत होते. आता त्यांचं कपाळ डोक्याच्या मागपर्यंत पोचलंय, पण आपला स्वतःचा कळप असावा ही हौस काही गेली नाही. बारामतीच्या प्रयोगशाळेतली श्रेया त्यांच्या उसावरची पांढरी कीड बघून म्हणाली, "तात्या, हा लोकरी मावा. याची सगळी जनुकं आम्हाला ओळीनं वाचायचीत. एवढं एक उसाचं बेट सोमवारपर्यंत फवारू नका. मावा जिवंत पाहिजे."

'लोकरी' शब्दानं तात्याबा विरघळलेच. "म्या राखतो, ताई," त्यांनी शब्द दिला आणि मेंढरांभोवती जाळीची वाघर लावावी तशी घरातली मच्छरदाणी त्या बेटाभोवती ताणली.

त्यांच्या कारभारीण सारजाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "अवं, मच्छरदाणी उसाला, आन आपुन डासाला व्हय?"

"मेंढरं हायती. राखाय नगं?"

"मग च्याला दूध काढून आणा!"

बांधापलीकडून सर्जेरावही ओरडले, "तात्याबा, तुजं एक जरी मेंढरू माज्या उसात घावलं, तर कोंडवाड्यात घालीन!"

रविवारी सकाळी तात्याबांनी जाळी उचलली आणि मटकन खाली बसले. पानंच्या पानं साफ! मावा खाणाऱ्या अळ्या आत गलेलठ्ठ होऊन लोळत होत्या. लांडगे बाहेरून आलेच नव्हते. तात्याबांनीच त्यांना कळपासकट आत कोंडलं होतं. त्यांनी एकेक लांडगा उचलून सर्जेरावांच्या उसात सोडला. एका पानामागं तिळाएवढे चार-पाच जीव तेवढे उरले होते. त्या दिवशी तात्याबांना भाकरी गेली नाही.

सोमवारी श्रेया आली. तात्याबा मान खाली घालून म्हणाले, "ताई, शब्द गेला माजा. एवढीच ऱ्हायली. आन त्यात मेंढा हाय का, त्ये बी कळंना."

श्रेया हसायलाच लागली. "मेंढा लागतच नाही, तात्या! सगळ्या माद्याच आहेत. नराशिवाय पिल्लं घालतात, लेक हुबेहूब आईसारखी. यातली एक जगली तरी प्रयोगशाळेत कळप उभा राहील. तेवढ्यावर आमचं काम होतंय."

"बापयाबिगर?" तात्याबांचा जबडा खालीच राहिला.

"बगा, किती झ्याक चाललंय त्यांचं!" सारजाबाई म्हणाल्या.

पण तात्याबांना टोमणा ऐकायला वेळ कुठला? माव्याचं पान ठेवलेला डबा दोन्ही हातांनी श्रेयाकडं देत, डोळे पुसत ते म्हणाले, "ताई, गाडी खड्ड्यातनं बेतानं घ्या. समद्या गाभण असत्याल."