टेबलावरची शेगडी

मी दोहात वेल्डर होतो. दोन हजार सालानंतर एकदा बायको महिनाभर आली, तेव्हा तिला म्हटलं, "आज रांधायचं नाही. आज तू आयतं खायचं." आणि तिला जपानी हॉटेलात नेलं. मेनू मला वाचता येईना, म्हणून एका फोटोवर बोट ठेवलं. वेटरने टेबलावरची शेगडी पेटवली आणि कच्च्या कोंबडीची ताटली ठेवून निघून गेला.

बायको म्हणाली, "अहो, एवढ्या लांब आणून परत मलाच रांधायला लावताय?" आणि तिने चिमटा उचलला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चिमटा तिच्या हातातून काढून घेतला. पहिले दोन तुकडे जाळले. तिसरा जमला, तो तिच्या ताटलीत ठेवला.

"तुम्ही आधी घ्या." लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण ती माझ्याआधी कधी जेवली नव्हती.

"गप खा."

तिने खाल्लं. "मीठ बरोबर आहे," म्हणाली. मीठ हॉटेलवाल्याचं होतं, पण भाजणं माझं. मग ताटली संपेपर्यंत मी भाजत राहिलो आणि ती खात राहिली.

आता ती नाही. गल्फवाले सांगतात, बायकोला सोन्याने मढवलं. मी सांगतो, एकदा ती माझ्या हातचं, माझ्याआधी जेवली.