घाटघरचं वळण

"सीमा देखणी पाहिजे, राव. देखणी असली की माणसं मानत्यात." असं म्हणत भाऊ नकाशा हातभर लांब धरत आणि एक डोळा मिटून रेघेकडे पाहत.

मोजणी खात्यातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झाल्यावर पिंपळवंडीच्या घरी ते न घडलेल्या इतिहासाचे नकाशे काढत. येडगावला धरण झालंच नसतं तर? नाणेघाटातला व्यापार थांबला नसता आणि जुन्नर आजही एखाद्या राज्याची राजधानी असतं तर? राज्य खोटं, पण ओढे, टेकड्या, वाड्या खऱ्या. सरळ रेघ त्यांना चालत नसे. "सरळ रेघ हापिसात बसून काढत्यात. पायी फिरलेल्याची वाकडी येती."

जुन्नरच्या राज्याचा नकाशा मी आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी घेतला. कड्याच्या धारेनं चाललेली हद्द घाटघरपाशी एकदम आत वळली होती. कारण विचारलं.

"कड्यानं नेली तर करवतीवानी दिसती. ओढ्यानं आणली. बघा, मोराच्या मानेगत वळलीय."

त्या वळणानं खालची वाडी कोकणच्या राज्यात गेली, वरची जुन्नरच्या. मलाही वळण आवडलं. 'कल्पित' हा शब्द मी नकाशाखाली बारीक अक्षरात टाकला. तो निर्णय माझा होता.

आठवड्याभरात नकाशाचा फोटो फोनांवर फिरू लागला. खालची पट्टी कापलेली होती. हद्दीची खूण मात्र सरकारी नकाशात असते तशीच, रेघ-टिंब-रेघ.

मी भाऊंकडे बसलो असताना खालच्या वाडीची एक म्हातारी एसटीनं आली. हातात पुरवणीचं पान.

"सायेब, वरच्या वाडीनं झरा बंद केलाय. तुमी आता पल्याडच्या राज्यातले, म्हणत्यात. हंडा घेऊन गेलं की काठी दावत्यात."

भाऊ हसले. "मावशी, असं राज्यच न्हाई. घरी बसून काढलंय मी."

"धरणाच्या टायमाला बी आदी नकाशाच आला व्हता. मग पाणी आलं, घरं बुडाली." तिनं रेघेवरून बोट फिरवलं. "आन खोटी रेघ इतकी झ्याक कोण काढंल?"

भाऊंचं हसू तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाटघरला गेलो. ओढा कोरडा होता. त्याच्या काठानं चुना लावलेले दगड ओळीनं मांडले होते, वीस-वीस पावलांवर. वळण जसंच्या तसं.

झऱ्यापाशी वरच्या वाडीचा एक माणूस काठी घेऊन बसला होता. भाऊ त्याला म्हणाले, "ही रेघ खोटी हाय. मीच काढलीय."

"ठाव हाय, भाऊ. पर झरा आटत चाललाय. दोन वाड्यांना न्हाई पुरायचा. खोटी असली तरी कामाची हाय."

"मी काढली, मीच पुसतो." भाऊंनी एक दगड उचलला. माणूस काठी टेकून उभा राहिला. मागच्या घरांतून आणखी तिघे बाहेर आले.

भाऊंनी दगड होता तिथं ठेवला. मग सवयीनं मागे सरून एक डोळा मिटला आणि तो ओळीत आला का, ते पाहिलं. आपण काय करतो आहोत हे ध्यानात येताच त्यांनी तोंड फिरवलं.

मी खुलासा छापला. तो कुणी फोनवर पाठवला नाही. भाऊंनी पुन्हा पेन हातात घेतलं नाही. दाराची कडी वाजली की ते बसल्या जागी आक्रसत आणि आतूनच विचारत, "घाटघरचं न्हाई ना कुणी?"

गेल्या हिवाळ्यात ते वारले. या उन्हाळ्यात मी घाटघरला जाऊन आलो. खालच्या वाडीच्या बायका कड्याखालून पाणी आणत होत्या. दगडांना नवा चुना दिला होता. शेवटच्या दगडापुढे आणखी सहा दगड लागले होते. ते भाऊंच्या नकाशात नव्हते. वळण मात्र त्यांच्याच हातचं वाटत होतं.