चाचणीच्या दिवशीची खिचडी

हळद घातलेली खिचडी शिजू लागली, की मला आमची जिल्हा परिषदेची शाळा आठवते आणि भूक मरते. पाचवीत होते. तालुक्याहून साहेब चाचणी घ्यायला येणार होते. "तू पेपर लिही, सोयाबीन म्या एकटी काढते," असं म्हणून आई पहाटेच शेतात गेली. भागाकारात मी कच्ची होते, पण आठवडाभर बसून तो थोडा जमायला लागला होता. परिपाठ झाल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. सर मला लई आवडायचे. "मावशी एकट्याच हायत, जरा खिचडी हलव. तुझा पेपर मागनं घेतो," ते म्हणाले. एवढ्या पोरींतून मलाच निवडलं, म्हणून मी मिरवत चुलीपाशी गेले, कंपासपेटी काखेतच होती. भिंतीपलीकडं वर्ग. साहेब हजेरी घेत होते. माझं नाव आलं, मी 'हजर' म्हणणार तेवढ्यात सरांचा आवाज आला, "गैरहजर हाय, साहेब. आईनं नेलंय सोयाबीन काढायला." मावशींनी चुलीत लाकूड सारलं. "कच्च्या पोरांनी निकाल पडतुय म्हणं शाळंचा," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. साहेब गेल्यावर सरांनी पहिलं ताट मलाच वाढलं. "लई काम केलंस, पोरी." सरांना मी आजही माफ केलेलं नाही. पण त्याहून जास्त राग येतो तो माझाच, कारण भूक लागली होती म्हणून मी त्यांच्यापुढं पुन्हा ताट धरलं.