आढ्याला टांगलेली पोळी

पहिल्यांदा लक्षात आलं ते चहाच्या पेल्यामुळे. दिवस कलला होता, पण बुडाला नव्हता. नीरा काढायला माडांवर चढलेले गडी शेंड्यावरूनच एकमेकांना गाण्यातून हाका घालत होते. नेई अकेनेतेने ओट्यावरच्या चटईवर नातीपुढे पेला ठेवला, दोन चमचे साखर जास्त घातलेला. पाच वर्षांच्या तेरेतियाने हात पुढे केला आणि तो पेल्यापासून चांगला वीतभर डावीकडे गेला. चटई चाचपली, परत चाचपली.

"डोळे कुठं ठेवून आलीस गं भवाने?" अकेनेते हसली.

"आज्जे, दिवा का नाही लावलास अजून?" पोरीने विचारलं.

समोर पाण्यावर ऊन तांबडंलाल पसरलं होतं. माडाच्या झावळीचं पातं न् पातं मोजता येत होतं. अकेनेतेचं हसू जागच्या जागी थिजलं.

तिने पोरीकडे नीट बघितलं. तेरेतिया दोन्ही तळवे चटईवर दाबून बसली होती. होडी हलायला लागली की माणूस बसतं, तशी. बाहेर गल्लीतली पोरं अजून धावत होती आणि ही मात्र गेले कित्येक दिवस ऊन उतरलं की आपणहून ओट्यावर येऊन बसायची. अकेनेते ज्याला-त्याला कौतुकाने सांगायची, गुणाची आहे हो, हुंदडत नाही.

तळवे असे टेकून बसणारी अशीच एक पोर तिने आधी पाहिली होती.

रोटिया तिची धाकटी बहीण. बावन्न वर्षं झाली त्याला. पाऊस रुसलेलं वर्ष होतं, केवड्याच्या झाडांना फळ धरलं नव्हतं, आणि रोटिया संध्याकाळी तळवे टेकून बसायला लागली. आईला वाटलं, बाहेरचं काही लागलंय. एका म्हातारीकडून खोबरेल मंत्रून आणलं, कपाळाला चोळलं. पुढं पोरीच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. मग गोवर आला आणि रोटिया गेली. अकेनेते तेव्हा नऊ वर्षांची होती. बहिणीचा हात धरून तिला झुडपाआड नेऊन आणायचं काम तिचंच होतं. तो घट्ट आवळलेला, घामेजला हात ती आजवर विसरली नव्हती.

आता एकसष्टाव्या वर्षी तोच हात परत तिच्या हातात आला होता. रात्रभर ती पोरीचा श्वास ऐकत पडून राहिली.

तसं पाहिलं तर अकेनेतेच्या घरात खायला कमी नव्हतं. नवरा मासेमारीला गेला तो परतला नाही, त्याला वीस वर्षं झाली. पण मुलगा जहाजावर नोकरीला, सून राजधानीच्या बेटावर दुकानात, आणि नात रिवाजाप्रमाणे आजीच्या पदरात. मुलाकडून पैसे यायचे. तांदळाची गोण कधी रिकामी झाली नाही. "माझी नात पांढराशुभ्र भात खाते," असं ती चारचौघींत सांगायची. झाडावरचं काढून खाणं, केवडा चोखत बसणं, हे ज्यांच्याकडे पैसे पाठवणारं कुणी नाही त्यांचं.

आणि तरीही साऱ्या बेटावर अकेनेतेचं नाव होतं ते केवड्यासाठीच. पिकलेली केशरी फळं भट्टीत शिजवायची, त्यांचा गर खरवडून काढायचा, पानांवर पातळ पसरून उन्हात खडखडीत वाळवायचा, वर नारळाच्या दुधाचा हात फिरवायचा आणि चटईसारखी गुंडाळी करायची. या पोळीला तुआए म्हणतात. नीट केलेली पोळी वर्षानुवर्षं टिकते. अकेनेतेची एक गुंडाळी मांडीएवढी जाड, तीन हंगामांची मेहनत, जुन्या चटईत बांधून आढ्याला टांगलेली होती. ती घरात खायची नव्हती. ती मानेआबाची होती. गावाचं जे काही बरंवाईट ठरतं ते त्या एका मोठ्या छपराखाली, आणि तिथं पाहुणे आले की प्रत्येक घराने आपलं उत्तमातलं उत्तम पुढे ठेवायचं. रिकाम्या हाताने गेलेल्या घराची गोष्ट नातवंडांच्या नातवंडांपर्यंत चघळली जाते. दहा दिवसांवर शेजारच्या बेटावरचे पाहुणे यायचे होते, आणि गावचा म्हातारा पुढारी तेन बाउरो याने भर सभेत सांगूनही टाकलं होतं, "यंदा अकेनेतेची मोठी गुंडाळी निघणार!"

सकाळी ती पोरीला पाठुंगळी मारून दवाखान्यात गेली. नर्स तेइमा याच गावची, अकेनेतेच्या डोळ्यांदेखत वाढलेली, तिला मानाने 'नेई' म्हणणारी. तिने पोरीच्या पापण्या वर करून पाहिल्या, बॅटरी मारली, पुन्हा एकदा मारली. 

"फूल नाही अजून," तेइमा म्हणाली. "रातांधळेपण आहे. वेळीच धरलं तर जातं."

"गोळी दे ना मग."

"गोळ्यांचा डबा रिकामा आहे, नेई. बोट येईल तेव्हा. दोन आठवडे, कदाचित तीन."

"आणि तोवर?"

"ही जेवते काय?"

"भात. साखर घालून आवडतो तिला. नूडल्स. रविवारी डब्यातलं मटण."

"मासा?"

"खाते की. काटे काढून, पांढरा पांढरा भाग देते मी."

"आणि काळीज?"

"ते मांजराला."

"पपई?"

"ती डुकरांना. आत्ता झाडाला दोनच आहेत, तीही कच्ची."

"भोपळ्याचा कोवळा पाला?"

"पाला कोण खातं गं?"

तेइमाने बॅटरी विझवली. "नेई, तुमचं मांजर आणि तुमची डुकरं अगदी ठणठणीत असतील बघा."

एरवी अकेनेतेने तिला दोन सुनावल्या असत्या. आज तिने पोरीचा हात घट्ट धरला.

"केवडा द्या तिला. रोज. केशरी असेल तेवढा, नारळाच्या दुधात कालवून. आणि माशाचं काळीज."

"केवड्याचा हंगाम संपला."

"अख्ख्या बेटाला ठाऊक आहे तुमच्या आढ्याला काय टांगलंय ते," तेइमा हलक्या आवाजात म्हणाली. "औषध घरात लोंबतंय आणि तुम्ही माझ्याकडे गोळी मागताय?"

"ती मानेआबाची आहे."

"मग मानेआबाला विचारा, तो हिचा हात धरून चालवेल का जन्मभर."

शेजारीण काउरे शिंपले वेचायला जाईपर्यंत अकेनेते थांबली. काउरेच्या नजरेतून काही सुटत नसे आणि जिभेवर काही थांबत नसे. ती वळणाआड गेल्यावर अकेनेतेने गुंडाळी खाली उतरवली आणि चटई सोडली. मधासारखा वास घरभर सुटला. सुरी हातात घेतली, पण हात काही केल्या खाली येईना. लहानपणापासून या पोळीला बिनपरवाना बोट लावलं म्हणून तिने किती चापट्या खाल्ल्या होत्या! मग तिने बाहेरून कापायचं सोडून आतूनच ओढायला सुरुवात केली. गाभ्यातून हातभर पोळी निघाली. तिच्या जागी तिने सुक्या पानांची जुडी कोंबली. वरून गुंडाळी होती तशीच दिसत होती.

पोळी नारळाच्या दुधात भिजवून तिने पोरीपुढे ठेवली.

"हे तर पाहुण्यांचं ना?" तेरेतिया कुजबुजली. घाबरली होती.

"आजपासून पाहुणी तूच."

"मग मला हार घाल."

अकेनेतेने खरोखर फुलं ओवून तिच्या डोक्यात घातली. ओवताना सुई दोनदा बोटात गेली.

मग रोजचं तेच सुरू झालं. सकाळी काळीज, दुपारी पोळी, आणि ऊन उतरलं की परीक्षा. ती चटईवर एक पांढरी कवडी टाकायची आणि म्हणायची, "उचल बघू." पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी पोरगी रडकुंडीला आली, "रोज रोज काय हे कवडीचं!" सहाव्या दिवशी तिचा हात सरळ कवडीवर पडला. अकेनेतेचा जीव हरखला आणि लगेच पुन्हा खाली बसला. कवडी कालच्याच जागी होती. दिसली की आठवली? तिने जागा बदलली, पण तोवर अंधारलं होतं. आठव्या दिवशी आभाळ भरून आलं आणि काहीच कळलं नाही. गाभ्यातली पोळी मात्र रोज कमी होत होती आणि पानांची जुडी फुगत होती. आता तिला दोन्ही गोष्टींची धास्ती होती. पाहुण्यांदेखत गुंडाळी उघडी पडली तर तोंड कुठे लपवायचं? आणि इतकं करूनही पोरीचे डोळे नाहीच आले तर?

पाहुणे आले त्या दिवशी भाषणं लांबली. वाढायची वेळ झाली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता, दिवे अजून लावायचे होते. मानेआबाच्या छपराखाली घराघराची माणसं आपापल्या जागी मांडी घालून दाटीवाटीने बसली होती. तेरेतियाला अकेनेतेने पलीकडच्या खांबापाशी काउरेच्या नातीजवळ बसवलं होतं. ती स्वतः गुंडाळी दोन्ही हातांत धरून वाकत वाकत मधोमध गेली आणि तेन बाउरोपुढे ठेवून तिथेच बसली.

बाउरोने गुंडाळी उचलली. "हलकी लागतेय गं अकेनेते! पोळी म्हातारी झाली की मी तरणा झालो?"

हशा पिकला.

"तिच्या नातीला विचारा," मागून काउरेचा आवाज आला. "पोरीचे ओठ हल्ली केशरी दिसतात बरं का!"

पुन्हा हशा. बाउरोने सुरी मागितली.   आणि तेवढ्यात पलीकडे तेरेतिया उठलेली अकेनेतेला दिसली.

बस, बस खाली, ती मनात ओरडली. मानेआबात कुणाच्या अंगावरून जायचं नसतं, कुणाला पाय लागणं त्याहून वाईट. वाटेत गुडघ्याला गुडघा लागला होता. एक निजलेलं तान्हं होतं. सोललेल्या नारळांची रास होती. उजेड निम्मा गेला होता. रिवाजाप्रमाणे कमरेत वाकून पोरगी निघाली. तान्ह्याला वळसा घातला. एका म्हातारीच्या काठीवरून पाय अलगद उचलून पलीकडे टाकला. एक नारळ घरंगळून वाटेत आला होता, तिथे थांबली, तो बाजूला सारला, पुढे आली. 

"आज्जे," पोरगी अकेनेतेच्या कानाशी म्हणाली, "तुझा हात का थरथरतोय?"

अकेनेतेने आपल्या हाताकडे पाहिलं. त्या उजेडात तिचा तिलाही तो जेमतेम दिसत होता.

"थांबा, तेन बाउरो," ती म्हणाली.  "कापू नका. आतून पोकळ आहे ती. मी पानं भरलीत."

हसणं जागीच थांबलं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझी पोर रातांधळी झाली होती. दिवस असतानाच तिला दिसेनासं व्हायचं. तुमची पोळी मी तिला खायला घातली. माझी बहीण अशीच गेली होती. काय दंड करायचा तो करा."

बाउरोने सुरी खाली ठेवली.   पहिली बोलली ती काउरे, पण तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"रातांधळी म्हणजे… कसं कळतं गं?"

"ऊन उतरलं की खेळायचं सोडतात," अकेनेते म्हणाली. "एका जागी बसतात. तळवे खाली टेकून."

बोलता बोलता तिची नजर खांबाकडे गेली. काउरे आधीच तिकडे बघत होती. तिची चार वर्षांची नात तीना, तेरेतिया उठून गेल्यापासून तसूभर हलली नव्हती. दोन्ही तळवे चटईवर दाबलेले, मान ताठ, डोळे सताड उघडे. शेजारची पोरं नारळासाठी एकमेकांवर तुटून पडत होती.

"गुणाची आहे," काउरे पुटपुटली. "हुंदडत नाही…"

अकेनेतेने सुरी स्वतःच उचलली. पाहुण्यांचा मान आधी, हे तिला ठाऊक होतं. तिने बाउरोकडे पाहिलं. त्याने गुंडाळी तिच्याकडे सरकवली. तिने बाहेरच्या जाड पदराचा एक तुकडा कापला, वाकत वाकत पाहुण्यांना वळसा घालून खांबापाशी गेली आणि तो पोरीच्या अगदी समोर धरला.

"तीना, घे गं बाळ."

तीनाने हात पुढे केला. तो तुकड्यापासून वीतभर डावीकडे गेला आणि हवेत चाचपडू लागला.